दोनशे सात

आमच्याकडे तीन खोल्या. आतून पत्रा मारलेला,
दाराला रबर, खिडकी नाही.
दोन खोल्यांत फोन चालू असतो.
म्हणजे फोन नसतो, छताला एक दांडी असते
आणि पंखा. पंखा फिरताना दिसतो,
बाकीचं काही दिसत नाही.
दहा मिनिटं चालू, दहा मिनिटं बंद,
दिवसाचे नऊ तास, दोन वर्षं.
तिसऱ्या खोलीत सगळं तेच, तोच भुसा, तोच पंखा,
फक्त कुणाचा फोन येत नाही.

मी भूपाल पारिसा मगदूम, कसबे डिग्रज.
उंदरांना पाणी देतो.
नोकरी लागली तेव्हा आई म्हणाली,
जीव सांभाळायचं काम आहे नव्हं?
मी हो म्हणालो. खोटं नव्हतं ते.
वजन करताना शेपटीला धरायचं नाही,
ओंजळीत घ्यायचं, मग ते स्वतःच
अंगठ्यावर हनुवटी टेकतं.
दोन वर्षांनंतरचं मी तिला बोललो नाही.
रजिस्टरात त्याला वेगळा रकाना आहे,
वरचा शब्द इंग्रजीत, अर्थ बळी असा होतो.
मी खाली तारीख घालतो.

खालच्या मजल्यावर मालन कुरणे.
तिच्याकडे काळीज मेणाच्या वडीत जातं,
यंत्रावर त्याचे काप निघतात, इतके पातळ
की श्वास लागला तरी उडतात.
काच, काचेवर आकडा. एवढंच तिला कळायचं.
खोली कुठली ते मला माहीत,
आणि मी सांगायचं नाही असं सहीनिशी ठरलेलं.

दुपारी आम्ही जिन्यात डबा खायचो.
ती कांदा असलेली भाजी बाजूला ठेवून
मला नुसती चटणी द्यायची.
हळदीचा दर, तिच्या मुलाची दहावी,
आयर्विन पुलावरची गर्दी, सगळं बोलून व्हायचं.
एकदा मात्र घास हातात धरून म्हणाली,
दोनशे सातच्या काळजात काहीतरी आहे रे.
मी चटणी तिखट आहे म्हणालो.

दोनशे सात मला आठवत होता.
डाव्या कानाला चीर, बाटलीच्या नळीशी
दात वाजवायची सवय.

मग आकडे उघडले. विभूते मॅडमनी
आम्हा सगळ्यांना बसवून दाखवलं.
फोनच्या खोल्यांतल्या नव्वद नरांपैकी
तिघांच्या काळजात गाठ.
आणि फोनच्याच खोल्यांतले
जास्त दिवस जगलेले.
मॅडमनी हे दोनदा वाचलं, चष्मा पुसून
तिसऱ्यांदा. कुणी हसलं नाही.

पेपरवाला आला. म्हणाला, हो का नाही, एवढंच सांगा.
मॅडम चाळीस मिनिटं बोलल्या,
उंदराचं सगळं अंग भाजत ठेवलेलं, आपला फक्त कान,
आणि तिघं म्हणजे किती, आणि म्हातारपण म्हणजे काय.
त्यानं मान डोलावली. मध्येच त्याचा फोन वाजला,
तो बाहेर जाऊन बोलून आला
आणि पुन्हा विचारलं, हो का नाही.

संध्याकाळी मालन जिन्यात थांबली होती.
आता सांग, दोनशे सात कुठला?

तिसऱ्या खोलीतला, म्हटलं.
जिथं काही नव्हतं तिथला.

ती बराच वेळ डब्याचं झाकण फिरवत राहिली.
आटे चुकले होते, बसत नव्हतं.

रात्री मी फोन डाव्या खिशातून काढून
उजव्या खिशात ठेवला. चार दिवस ठेवला.
उजव्या खिशाची शिवण उसवलेली,
पाचव्या दिवशी सांगलवाडीत खड्ड्यात सायकल आदळली
आणि तो रस्त्यावर. काच फुटली नाही.

उचलला तेव्हा वाजतच होता. आई.
दिवस मावळायच्या आत जेवायला ये म्हणते,
रोज म्हणते, याच वेळेला.
मी कानाला लावला. आलो म्हटलं,
आणि ठेवला
पुन्हा डावीकडे.